दक्षिणमुखी घर, मागे 12 बाय 20 ची जागा, वर गच्ची : नागपुरात वर्षभराची भाजी कशी बसवायची

भाऊ, तुम्ही महिन्यांचा तक्ता मागितला आहे, जूनमध्ये काय, जुलैमध्ये काय असा. तक्ता द्यायला काही नाही, पण तो तुमच्याकडे आधीच आहे, बियांच्या पाकिटामागे छापलेला असतोच, आणि तुमच्या लिहिण्यावरून मागच्या वर्षी तुम्ही तोच पाळला. बेसाला 30 बाय 50 फुटांचा प्लॉट, घर दक्षिणमुखी, वर एक माळा, मागे उत्तरेला 12 बाय 20 फुटांची मातीची जागा आणि वर मोकळी गच्ची. जूनमध्ये पाकिटांचा संच आणून खाली-वर सगळीकडे लावलं, भेंडी आणि दोडके मस्त झाले. ऑक्टोबरात टमाटर आणि फुलकोबी मुद्दाम खाली लावली, कारण खालची माती चांगली, तर टमाटर छातीपर्यंत वाढले पण फूल नाही आणि फुलकोबीला नुसता पाला. दुकानदाराने फुलासाठी टॉनिक दिलं, तेही मारून झालं. गच्चीवर पिशव्यांमध्ये जे काही होतं ते एप्रिलमध्ये करपून गेलं. आता तुम्ही विचारता की वेळापत्रकात काय चुकलं.

वेळापत्रकात फार काही चुकलं नाही. टमाटर ऑक्टोबरात लावणं थोडं उशिराचं आहे पण चालते. चुकली ती जागा. मी हिंगणा रोडला छोटी नर्सरी चालवते आणि लोकांच्या घरी परसबागा बसवून देते, तर हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपात येतच राहतो, की बाई, सगळं वेळेवर केलं तरी हिवाळ्यात काही आलं नाही. जाऊन पाहिलं की बहुतेक वेळा बाग घराच्या उत्तरेला असते.

सावलीचा हिशोब जरा नीट सांगते कारण तुमचं सगळं वर्ष त्याच्यावर उभं आहे. नागपूर साधारण 21 अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटी, 26 तारखेच्या आसपास, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. तेव्हा तुमच्या मागच्या जागेवर घराची सावली दुपारी पडतच नाही, सकाळ-संध्याकाळ तर सूर्य थोडा उत्तरेकडूनच असतो. पण डिसेंबरात हाच सूर्य दुपारी बाराला दक्षिणेकडे झुकून जेमतेम 45 अंशावर असतो, म्हणजे घर जेवढं उंच तेवढीच लांब सावली उत्तरेला. तुमचं घर कठड्यासकट 22 फूट धरा, तर सावली 22 फूट, आणि तुमची जागा 12 फूट. म्हणजे सगळी जागा तर सावलीत जातेच, वर मागच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याकडेही जाते. मधल्या महिन्यांचा हिशोब केला तर ऑक्टोबरच्या मध्याला ही सावली साडेबारा फुटांवर पोचते आणि फेब्रुवारीच्या शेवटी परत तेवढ्यावर येऊन मागे सरकायला लागते. मार्चच्या 21 तारखेला साडेआठ फूट, एप्रिलच्या मध्याला साधारण साडेचार फूट.

म्हणजे दसरा ते होळी तुमच्या खालच्या जागेला जवळजवळ ऊन नाही. टमाटरला सहा तास तरी ऊन पाहिजे, ते नसलं की झाड उजेड शोधत उंच होत जाते आणि फूल धरत नाही, त्यात खाली शेणखत भरपूर घातलेलं असलं की अजूनच पाला. फुलकोबीचंही तेच. त्याला कोणतंही टॉनिक काही करू शकत नाही, पैसे गेले समजा.

आणि गच्ची बरोबर उलट. हिवाळ्यात तिथे दिवसभर कोवळं ऊन, भाजीला त्याच्याहून चांगली जागा नाही. पण मार्च संपला की तोच स्लॅब तापून राहतो, पिशवीच्या बाजूही तापतात, मुळं आतल्या आत उकडतात, आणि 44-45 अंशांत दोन वेळा पाणी देऊनही झाड दुपारी मान टाकते.

तर तुमच्यासाठी वर्षाचं प्लॅनिंग एका वाक्यात असं, की होळी ते दसरा बाग खाली आणि दसरा ते होळी बाग वर. महिन्यांचा तक्ता याच्या आत बसवायचा. बाकी सगळं मी जे लिहिते आहे ते या अदलाबदलीच्या तारखा कशा सांभाळायच्या त्याबद्दल आहे, कारण भाजी एका दिवसात हलवता येत नाही, रोपं आधी तयार लागतात आणि जागा आधी रिकामी लागते.

हे तुमच्या घरासाठी आहे हे मात्र ध्यानात ठेवा, दुसरं कोणी वाचत असेल तर सरसकट उचलू नका. घर उत्तरमुखी असून मोकळी जागा दक्षिणेला असेल तर हिवाळ्यातही खालीच सगळं लावा, गच्चीच्या भानगडीत पडायची गरज नाही. जागा पूर्वेला असेल तर उन्हाळ्यात चैन आहे, दुपारनंतरचं ऊन भिंत अडवते. पश्चिमेला असेल तर एप्रिल-मे विसरा. शेजारी तीन माळ्यांची इमारत असेल तर ती कोणत्या बाजूला आहे ते पाहा, दक्षिणेची असली तर हिवाळ्यात तुमच्या गच्चीवरही सावली टाकू शकते, पश्चिमेची असली तर उन्हाळ्यात तिचे उपकार माना. आणि सगळ्यात मुख्य, मे महिन्यात जागा पाहून हिवाळ्याचं ठरवू नका, आत्ता सगळीकडे ऊनच ऊन दिसणार. मोबाइलमध्ये सूर्याची दिशा दाखवणारी ॲप आहेत, डिसेंबरची तारीख टाकून पाहा, किंवा वर दिलेला हिशोब करा, उंची मोजायला फक्त एक लांब टेप लागतो.

आता मे चालू आहे, म्हणजे तुमचं वर्ष मृगापासून मृगापर्यंत धरू. पहिलं काम माती. तुम्ही म्हणता खाली काळी माती आहे आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. छान माती आहे, पण पावसाळ्यात तीच दगा देते कारण पाणी धरून बसते. शिवाय बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर या बाजूच्या नव्या लेआउटमध्ये बांधकामाच्या वेळी मुरूम आणि मलबा भरून वरून वीतभर माती टाकलेली असते, त्यामुळे आधी एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा करून पाहा आत काय निघते. त्यात पाणी भरा, जिरू द्या, परत भरा आणि दुसऱ्यांदाचं पाणी किती वेळात जिरते ते पाहा. तीन-चार तासांत गेलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर वाफे उंच केल्याशिवाय पर्याय नाही, आठ-दहा इंच तरी उंच.

12 बाय 20 मध्ये साडेतीन फूट रुंद आणि दहा फूट लांब असे चार वाफे बसतात, घराला समांतर दोन ओळींत दोन-दोन, ओळींच्या मध्ये आणि कंपाउंडकडे दीड-दीड फूट वाट, आणि घराच्या भिंतीला लागून मोकळी पट्टी सोडा, भिंतीला ओल नको आणि घुशी कुठून येऊन राहिल्या तेही दिसते. साडेतीन फुटापेक्षा रुंद करू नका, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, काळ्या मातीत ओल्यावर पाय दिला की ती दगड होते. प्रत्येक वाफ्यात दोन-तीन घमेली शेणखत, पण कुजलेलं, हातात घेतलं तर चुरा झाला पाहिजे आणि शेणाचा वास यायला नको. कच्चं शेणखत घातलं की हुमणी आलीच, पांढरी जाड अळी, इंग्रजी सी सारखी वाकलेली, मुळं कुरतडते आणि झाड उभ्याउभ्या सुकते. सोबत निंबोळी पेंड मूठ-दोन मूठ. राख घालू नका. गावाकडे राख घालतात हे खरं, पण आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, चुनखडीची, राखेने ती अजून तिकडेच जाते, मग नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसायला लागते, आणि लोक युरिया टाकतात, जो त्याचा इलाज नाही, तिथे लोह कमी पडत असते.

चारपैकी दोन वाफे तरी या उन्हात तापवून घ्या. भरपूर पाणी द्या, वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबून टाका, काळं नाही, पारदर्शकच. चार-सहा आठवडे राहिलं तर तणाचं बी, बुरशी, सूत्रकृमी बरेच मरतात. यंदा उशीर झाला, पण नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तरी सापडू द्या त्यात. आपल्याकडच्या उन्हाचा हा एवढाच काय तो फुकटचा फायदा.

पेरणीची घाई मृग लागला म्हणून करायची नाही. पहिल्या सरीने वरची दोन इंच माती ओली होते, खाली वाफ निघत राहते, त्यात टाकलेलं बी फुगते आणि मरते. दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, वाफ्यात हात खुपसून वीतभर ओल लागली पाहिजे. मग भेंडी, बरबटी (चवळीच्या शेंगा), गवार, अंबाडी, चवळाईची पालेभाजी, आणि वेलांमध्ये दोडका, कारलं, लवकी (दुधी), काकडी. भेंडीचं बी रात्रभर भिजवून, फुटाफुटावर दोन-दोन दाणे. जात परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका मागा, पावसाळ्यात भेंडीची पानं पिवळी पडून शिरांची जाळी दिसते तो व्हायरस असतो, पांढऱ्या माशीने पसरतो, या जाती त्याला बऱ्यापैकी तोंड देतात. तुमच्या घरात चार माणसं असतील तर पंचवीस-तीस झाडं पुरतात, त्याच्यापेक्षा जास्त लावली तर रोज भेंडी खावी लागेल आणि एक दिवस तोडायची राहिली की ती जून होते.

वेलांचा मांडव कंपाउंडच्या बाजूला, म्हणजे उत्तरेच्या टोकाला करा, घराच्या भिंतीला लावू नका. सहा फूट उंच, जीआय तार किंवा नायलॉनची जाळी. एक लवकी, दोन दोडके, दोन कारली, बस. लोक लवकीचे सहा वेल लावतात, मग पोळ्यापर्यंत शेजारीपाजारी दारं लावून घेतात.

वेलाची फळं लहान असतानाच पिवळी होऊन गळतात ही तक्रार जुलैत हमखास येते, तर त्याचं सांगून ठेवते. वेलावर आधी काही दिवस नुसती नर फुलंच येतात, ती गळणारच, घाबरायचं नाही. मादी फुलाच्या मागे बोटभर छोटं फळ असते. काकडी आणि कारल्याचं फूल सकाळी उमलते, मधमाश्या त्याचं काम करतात. लवकीचं पांढरं फूल मात्र संध्याकाळी उमलते आणि दोडकाही दुपार कलल्यावर, तेव्हा शहरात मधमाश्या कमीच. म्हणून सात-साडेसातला, दिवेलागणीला, नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधली परागाची दांडी मादी फुलाच्या आत हलकेच फिरवा. चार-पाच दिवसांत फळ खाली वाकून फुगायला लागलं तर बसलं. त्यानंतर फळमाशी. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, तिथे डिंकासारखा थेंब दिसतो आणि फळ वाकडं होते. कोवळं फळ असतानाच त्याला वर्तमानपत्राची किंवा कापडाची सैल पिशवी बांधून टाका, फवारणीपेक्षा हे कामाचं. टोचलेली फळं खाली पडू देऊ नका, वाफ्यात तर मुळीच नाही, आतली अळी मातीत उतरते आणि परत माशी होऊन येते.

खाली घराकडच्या ओळीतला एक वाफा हळद, आलं आणि अळूला द्या. त्याचं कारण परत सावलीच. हळद-आलं जूनच्या सुरुवातीला लावलं की पावसाळाभर वाढते आणि थंडीत पानं आपोआप सुकतात, तेव्हा तिला उन्हाची गरज नाही, गड्डे खालीच पडून राहतात, जानेवारी-फेब्रुवारीत काढा. अळूला तर अर्धी सावली आवडतेच. सावलीशी भांडण्यापेक्षा सावलीत जगणारं पीक तिथे बसवलेलं बरं.

आता गच्ची. खरं तर या प्लॅनमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम पोळ्याच्या आसपास असते आणि तेव्हा कोणाचंच लक्ष नसते, कारण खाली भेंडी-दोडके जोरात असतात आणि वाटते चाललंय छान. लोकांना हिवाळ्याच्या भाजीची आठवण दिवाळीत येते, जेव्हा बाजारात फुलकोबी दिसायला लागते. तेव्हा बी टाकलं तर रोपं डिसेंबरात लागणार आणि टमाटर पिकेपर्यंत मार्चचं ऊन. टमाटरचं असं आहे की दिवसा 35 च्या वर किंवा रात्री 25 च्या वर गेलं की पराग मरतो, फुलं येतात आणि देठापासून गळतात. आपल्याकडे हे मार्चच्या शेवटापासून सुरू होते. म्हणजे टमाटरला मोकळी मिळते ती ऑक्टोबर ते मार्चची खिडकी, तिच्यात जास्तीत जास्त तोडे बसवायचे तर बी ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडलं पाहिजे, पंचवीस-तीस दिवसांत रोप लावण्याजोगं होते, म्हणजे सप्टेंबर संपता संपता पिशवीत. जातींमध्ये अर्का रक्षक चांगली, पान मुरडणारा व्हायरस, मर आणि करपा तिन्हीला बऱ्यापैकी सहन करते, पण ती संकरित आहे, तिचं बी धरून पुढच्या वर्षी लावू नका. घरचं बी धरायचं असेल तर पूसा रुबी किंवा आपली गावरान भेद्रं, म्हणजे देशी टमाटर.

फुलकोबीत एक गोम आहे. तिच्या जाती लवकरच्या, मधल्या आणि उशिराच्या अशा असतात आणि प्रत्येकीला गड्डा धरायला वेगवेगळी थंडी लागते. लवकरची जात उशिरा लावली की बटणाएवढा गड्डा येऊन थांबते, उशिराची जात लवकर लावली की पाला वाढत राहते. पाकिटावर नुसतं फुलकोबी लिहिलं असेल तर घेऊ नका, कृषी केंद्रात विचारा की सप्टेंबरात बी टाकायचं आहे, कोणती देता. कॉटन मार्केटच्या आसपासच्या दुकानांत जरा जाणकार माणूस काउंटरवर असला तर तो सांगतो. पाकिटावरची तारीख आणि उगवणीचा टक्का पाहूनच घ्या, त्या संचातली उरलेली पाकिटं वापरायच्या आधी दहा दाणे ओल्या कपड्यात बांधून पाहा, सात उगवले तर वापरा, चार उगवले तर चिमण्यांना टाका, औषध लावलेलं रंगीत बी असेल तर तेही नको.

वांगी आणि मिरची यांचं गणित जरा वेगळं, ती लांब पल्ल्याची झाडं. त्यांचं बी जूनमध्येच टाका, जुलैत थेट गच्चीवरच्या पिशवीत लावा, सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतील आणि भरताच्या दिवसांत ऐन जोरात असतील. वांग्याच्या शेंड्याचं एखादं कोवळं पान-फांदी मान टाकलेली दिसली, बाकी झाड टवटवीत असून, तर पाणी देऊ नका, आत अळी आहे. ती फांदी दोन इंच खालून कापा, चिरून पाहाल तर आत गुलाबीसर पांढरी अळी दिसते. साबणाच्या पाण्यात टाका. रोज सकाळी चहाचा कप घेऊन एक चक्कर मारून हे एवढं केलं तर फळात अळी निम्म्याहून कमी होते. मिरचीला चुरडामुरडा येतो तो फुलकिडे आणि कोळ्यामुळे किंवा पांढऱ्या माशीच्या व्हायरसमुळे, पान उलटं करून भिंगाने पाहा, किडे असले तर 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, पानाच्या खालून. व्हायरस असला तर झाड उपटा, जीव अडकवू नका.

पिशव्या 15 बाय 15 इंचाच्या घ्या, 12 ची टमाटरला लहान पडते. त्यात नुसती काळी माती भरू नका, दोन पाण्यांत ती विटेसारखी होते आणि पाणी कडेने निघून जाते. एक भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वजनाचाही विचार आहे. ओल्या काळ्या मातीचा एक घनफूट 45-50 किलो भरतो, 4 बाय 10 चा वाफा गच्चीवर एक फूट भरला तर दोन टनांच्या जवळ गेलात, तसं काही इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. हलक्या मिश्रणाची पिशवी ओली 35-40 किलो होते, आणि त्या बीमच्या रेषेवर, कठड्याला लागून, विटांवर ठेवल्या की स्लॅबला त्रास नाही आणि खालून पाणी निघून जाते. आठ टमाटर, चार वांगी, पाच मिरच्या, सहा कोबी-फुलकोबी. पालेभाजीला भाजीवाल्यांचे जुने प्लास्टिकचे क्रेट, आतून जाळी लावून. त्यात मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर) सप्टेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी एक-एक क्रेट पेरत जायचं, सगळे एकदम नाही. सांभाराचे दाणे चपलेखाली हलके रगडून दोन तुकडे करा. फेब्रुवारीनंतर पेरलेला सांभार पान देण्याआधी फुलोऱ्यावर जातो, तेव्हा बाजारातून आणा.

काय लावू नये हेही सांगते. मटार लावू नका, दहा पिशव्यांमधून एक वाटी दाणे निघतात आणि जानेवारीत बाजारात मटार ढिगाने असतो. कांदा-बटाटाही नाही. चार पिशव्यांपेक्षा जास्त पत्ताकोबी नाही, कारण एक पिशवी तीन महिने अडते आणि एक गड्डा देते. गच्चीवरची जागा महाग आहे, ती जे रोज तोडता येते किंवा ताजं खाण्यात फरक पडतो त्यालाच. तुरीच्या शेंगा मात्र घरच्या खाऊन पाहा, समोर दक्षिणेला गेटजवळ जागा असेल तर जूनमध्ये दोन-तीन झाडं टाकून द्या, काही करावं लागत नाही, डिसेंबर-जानेवारीत उकडून खायला शेंगा मिळतात.

हिवाळ्यात खालचे वाफे रिकामे दिसतात म्हणून जीव तळमळतो, मला माहीत आहे. एका कोपऱ्यात पुदिना राहू द्या, बाकी वाफ्यांवर पावसाळ्यातले वेल, झाडपाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा, थोडं शेण आणि माती असे थर देऊन ठेवा. सावलीत ओल टिकते, होळीपर्यंत अर्धं खत तिथल्या तिथे होते.

फेब्रुवारीच्या शेवटी सावली मागे सरकायला लागली की कंपाउंडकडच्या वाफ्यापासून सुरू करायचं, ऊन जसं घराकडे येत जाते तसं एक-एक वाफा. उन्हाळ्यात दोनच वाफे लावा. गवार, भेंडी, काकडी, ढेमसं, चवळाई. यांच्यात गवार सगळ्यात चिवट. हे मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत उगवून आलं पाहिजे, म्हणजे एप्रिलमध्ये खायला सुरू. त्यानंतर पेरलेलं धड वाढत नाही. मार्चच्या शेवटी वरून 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, सात-आठ फूट उंचीवर, बाजू मोकळ्या, वारा खेळला पाहिजे. 75 टक्क्यांची घेऊ नका, परत तीच सावलीची भानगड. आणि पहिल्या पावसाला ती काढून ठेवायची.

गच्चीवरच्या पिशव्या मार्चअखेर रिकाम्या करा. मिरचीची चांगली झाडं असतील तर अर्ध्यावर छाटून पिशवीसकट खाली जाळीत आणा, पावसाळ्यात परत फुटतात. बाकी माती ताडपत्रीवर पसरून उन्हात वाळवा, मुळं काढा आणि पोत्यात भरून ठेवा.

पाण्याचं शेवटी लिहिते पण निर्णय तुम्हाला त्याच्यावरच घ्यावा लागेल. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात उघड्या वाफ्याला दिवसाला आठ-दहा मिलिमीटर सहज लागते, तुमचे दोन वाफे मिळून साडेसहा चौरस मीटर, म्हणजे रोज 50-65 लिटर. जाळी आणि वाळक्या पाल्याचं आच्छादन असेल तर बरंच कमी. हे बोअरचं असो की नळाचं, एवढं मेमध्ये मिळणार असेल तरच उन्हाळी भाजी लावा, नाहीतर सरळ चारही वाफ्यांवर प्लास्टिक ताणा आणि मृगाची वाट पाहा, त्यात कमीपणा नाही. फक्त कूलरच्या टाकीचं उरलेलं पाणी झाडांना ओतू नका. दिवसभर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढतो ना, तोच तुमच्या वाफ्यात जातो. आरओचं वाया जाणारं पाणीही तसंच, ते अंगण धुवायला वापरा. एसीचं चालते.

तर सध्या खड्डा करून मातीचं पाहा, आणि घराची खरी उंची टेपने मोजून कळवा, 22 हा आकडा मी अंदाजाने धरला आहे. गच्चीवर पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली मागच्या बाजूला असेल तर तेही सांगा, कारण मग सावली अजून दोन-तीन आठवडे आधी येईल आणि शेवटची भेंडी सप्टेंबरातच उपटावी लागेल.